नदालचा हात, आपलं कोपर

महाराष्ट्रात टेनिसपटूची सगळ्यात गाजलेली नक्कल एका क्रिकेटपटूने केली आहे. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात राहणारा छोटा सचिन तेंडुलकर जॉन मॅकेन्रोच्या एवढा नादी लागला होता, की केस वाढवून, कपाळाला पट्टा बांधून, रॅकेट घेऊन हिंडायचा. पुढे रॅकेट सुटली आणि बॅट आली. पण 2004 मध्ये त्याच्या डाव्या कोपराला जे दुखणं जडलं, त्याला डॉक्टर टेनिस एल्बोच म्हणाले. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत पहिल्या दोन कसोटी हुकल्या, नागपूरला तो परतला, आणि 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. मॅकेन्रोच्या नकलेचा या दुखण्याशी काडीचाही संबंध नाही. तरी नक्कल आणि कोपर या दोन गोष्टी एकत्र आल्या, की हौशी टेनिसचा निम्मा प्रश्न मांडून होतो.

प्रश्न असा: चाळिशीत, पन्नाशीत रॅकेट हातात घेतलेल्या माणसाने नदाल, फेडरर, जोकोविच यांच्यासारखे फटके मारायला शिकावं का? की तो नाद सोडून आपलं साधं, ढोबळ टेनिस खेळावं?

नांदेड-लातूरकडे टेनिस हा मूठभरांचा खेळ. डॉक्टर, वकील, बँकेतले अधिकारी, प्राध्यापक. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे जे काही खेळायचं ते सकाळी आठच्या आत. चौघं जमले की डबल्स, तिघं असले तर मार्करला, म्हणजे मेंबरांबरोबर खेळायला ठेवलेल्या क्लबच्या माणसाला, घ्यायचं. पण या मूठभरांच्याही खिशात आज फोन आहे आणि फोनमध्ये जगातला प्रत्येक फोरहँड संथ गतीत पाहायला मिळतो. परिणाम कोर्टावर दिसतो. पन्नाशीतले एक वकीलसाहेब डोळ्यांसमोर आणा. मुरमाच्या कोर्टावर चेंडू टप्पा घेऊन जेमतेम गुडघ्यापर्यंत उठतो, कारण चेंडू महिन्याभराचा, अर्धा मेलेला. वकीलसाहेब उशिरा पोचतात, कमरेत वाकतात, चेंडूला कसाबसा स्पर्श करतात आणि मग रॅकेट डोक्यावरून गरकन फिरवून उजव्याच खांद्यामागे नेतात. शेवट हुबेहूब नदालचा. चेंडू मात्र जाळीच्या तळाशी. मग ते तारांकडे असे बघतात, की चूक गटिंगचीच असावी.

या प्रसंगात चूक कुठे झाली हे समजून घ्यायला थोडं खोलात जावं लागतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारखी जागा त्याला बरी. गोदावरीवरच्या धरणामुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण 1981 साली सुरू झालेलं श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय, 1994 च्या 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिन्ही याच परिसरात आहेत. टेनिसच्या फटक्याचा विचारही गेली पन्नास-साठ वर्षं याच तीन दारांतून झाला: गती मोजणारे, शिकवणारे आणि दुखणं बघणारे.

नकलेच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं, कारण ते कच्चं नाही. माणूस बघूनच शिकतो. आपल्या जिमखान्यांतला मार्कर हा त्याचा चालताबोलता पुरावा. चेंडू वेचायला आलेला पोरगा, अनवाणी, मेंबरांनी टाकून दिलेली रॅकेट घेऊन भिंतीवर मारत बसतो. त्याला कुणी ग्रिप शिकवत नाही, पाय कसा टाकायचा ते सांगत नाही. दहा वर्षांनी तोच मेंबरांना शिकवत असतो. बघून शिकण्याच्या ताकदीबद्दल ज्याला शंका असेल त्याने एखाद्या जुन्या मार्करबरोबर एक सेट खेळून पाहावा.

त्यातून, शिकवणाऱ्यांनी जे सांगितलं त्यातलं बरंच काही व्यावसायिक खेळाडू कधी करतच नव्हते. व्हिक ब्रेडन या अमेरिकन प्रशिक्षकाने वेगवान कॅमेऱ्यांनी फटके चित्रित करून तपासायला सुरुवात केली तेव्हा मजेदार गोष्ट हाती लागली. टॉपस्पिन फोरहँड मारताना मनगट फिरवून रॅकेट चेंडूवरून लोळवतो, असं जवळजवळ प्रत्येक मोठा खेळाडू सांगायचा. चित्रफितीत मात्र चेंडू तारांवर असताना मनगट असं फिरतच नाही. ते फिरतं, पण चेंडू निघून गेल्यावर. म्हणजे आंद्रे अगासीसारख्यांनाही आपण काय करतो हे धड सांगता येत नव्हतं. तेव्हा खेळाडू काय बोलतो त्यापेक्षा तो काय करतो ते बघावं, या म्हणण्याला वजन आहे. आजच्या हौशी खेळाडूला फोनवर जे फुकट दिसतं, ते 1970 च्या दशकातल्या राष्ट्रीय प्रशिक्षकालाही दिसत नव्हतं.

मग अडतं कुठे? पहिली अडचण, मार्कर जे बघतो आणि आपण जे बघतो त्यात फरक आहे. मार्कर कोर्टाच्या कडेला उभा राहून, रोज तासन्‌तास, पायांपासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस बघतो. आणि त्या माणसाला येणारा चेंडू त्याच्या स्वतःच्या वाट्याला येणाऱ्या चेंडूसारखाच असतो. टीव्हीचा कॅमेरा कोर्टाच्या मागे, उंचावर. तिथून चेंडूची उंची चपटी दिसते. रॅलीतला टॉपस्पिनचा चेंडू जाळीवरून दोन-तीन फूट, कधी त्याहूनही वरून जातो, आणि आपल्याला वाटतं तो जाळी घासून गेला. मग आपणही जाळी घासायला जातो.

दुसरी अडचण काळाची. चेंडू तारांवर असतो साधारण चार ते पाच हजारांश सेकंद. फोनच्या सेकंदाला 240 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यातही तेवढ्या वेळात जेमतेम एक चित्र निघतं. त्यानंतर रॅकेट कुठे जाते याचा चेंडूवर काहीही परिणाम होत नाही. डोळ्यात भरतो मात्र तोच भाग. नदालची रॅकेट डोक्यावर जाते कारण ती प्रचंड वेगाने खालून वर, जवळजवळ उभी चढत आलेली असते. कुठेतरी थांबायलाच हवी म्हणून ती तशी थांबते. वकीलसाहेबांनी नक्कल केली ती परिणामाची. कारण आधीच, पाय न पोचल्यामुळे, हुकलं होतं.

आणि ते कारण तरी आपल्याला हवं आहे का? जॉन यँडेल यांनी वेगवान चित्रणातून मोजलेले आकडे टेनिसच्या जगात प्रसिद्ध आहेत. सॅम्प्रस आणि अगासी यांच्या फोरहँडला मिनिटाला सरासरी 1900 च्या आसपास फेरे मिळायचे, नदालच्या फोरहँडला सुमारे 3200. ही उडी एकट्या हाताची नाही. 1997 मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेन पॉलिएस्टरच्या तारा घेऊन फ्रेंच ओपन जिंकला, तेव्हापासून तारांनीच खेळ बदलला. या तारा कडक असतात, त्यांच्यावर जोरात, पूर्ण ताकदीने रॅकेट फिरवली तरी चेंडू आत पडतो. व्यावसायिक खेळाडू दर काही गेमनंतर ताजी गटिंग केलेली रॅकेट काढतो. स्पर्धेत चेंडू पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर बदलतात. आपण तेच पॉलिएस्टर नदालच्या नावावर भरून घेतो, वर्षभर काढत नाही, आणि त्याने मेलेले चेंडू मारतो. तारांचा ताठपणा राहतो, चेंडूला उसळी नसते. धक्का शोषायला उरतं ते कोपर.

रॅकेटचंही तेच. फेडरर ज्या 90 चौरस इंची छोट्या तोंडाच्या रॅकेटने खेळायचा ती हौशी मंडळींनी भक्तिभावाने विकत घेतली. खुद्द फेडररने 2014 मध्ये ती सोडून 97 ची घेतली. भक्तांच्या कपाटात 90 अजून आहे.

सर्व्हिसच्या बाबतीत हिशेब आणखी स्वच्छ मांडता येतो, आणि त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. पुण्यात बालेवाडीला 2018 ते 2023 या काळात महाराष्ट्र ओपन ही एटीपी स्पर्धा होत होती. 2019 चा अंतिम सामना केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाला. अँडरसन 203 सेंटिमीटर, कार्लोविच 211. तिन्ही सेट टायब्रेकला गेले, कारण कुणाची सर्व्हिस तुटतच नव्हती. तिथून परतलेल्या कैक हौशी खेळाडूंनी दुसऱ्या दिवशी सपाट, जोरकस सर्व्हिस मारून बघितली असणार.

आता कागद घ्या. बेसलाइनपासून जाळी 11.885 मीटर. जाळीपासून सर्व्हिसची रेषा 6.40 मीटर. जाळीची मधली उंची 0.914 मीटर. गुरुत्वाकर्षण क्षणभर बाजूला ठेवून चेंडू सरळ रेषेत मारायचा, मधून जाळी नुसती शिवायची आणि रेषेवर टाकायचा म्हटलं, तर चेंडूला किती उंचीवर गाठावं लागेल? त्रैराशिकाने उत्तर येतं 2.61 मीटर, म्हणजे साडेआठ फूट. कार्लोविचचा हात आणि रॅकेट मिळून तीन मीटरच्या वर जातात. त्याच्यासाठी समोरची चौकट उघडीच आहे. साडेपाच फुटांचा नांदेडकर रॅकेट उंचावून चेंडू गाठतो अडीच मीटरच्या आसपास. सरळ रेषेत त्याच्यासाठी चौकट बंद आहे. ती उघडतं गुरुत्वाकर्षण आणि फिरकी, म्हणजे चेंडू जाळीवरून चढवून खाली उतरवणं. हॉवर्ड ब्रॉडी या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञाने हे गणित हवेच्या विरोधासकट सविस्तर केलं आहे. उंची कमी असेल आणि वेग वाढवला, तर चेंडू आत पडण्यासाठीचा कोन एवढा अरुंद होतो की बुटक्या माणसाने सपाट मारणं म्हणजे जुगार. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे एका तासात पटवता येईल. कोर्टावरच्या माणसाला वर्षानुवर्षं पटत नाही.

पण याच सर्व्हिसमध्ये एक गोष्ट अशी आहे की जिची नक्कल न करणं हेच हौशी खेळाडूचं सगळ्यात मोठं नुकसान. ती म्हणजे ग्रिप. बहुतेक हौशी लोक फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करतात. तळहात आभाळाकडे, रॅकेट थाळीसारखी आडवी. प्रशिक्षक तिला वेटर सर्व्हिस म्हणतात. कार्लोविच असो, पाच फूट चार इंचांची अंकिता रैना असो, व्यावसायिक खेळाडू रॅकेट हातोडीसारखी, धार पुढे करून धरतात, ज्याला काँटिनेंटल म्हणतात. अशी धरली की दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरतो, पुढचा हात वळतो आणि शेवटच्या क्षणी रॅकेटचं तोंड चेंडूसमोर येतं. पर्थच्या ब्रूस एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व्हिसच्या अभ्यासात दाखवलं, की चेंडू लागताना रॅकेटला जो वेग असतो त्यात सगळ्यात मोठा वाटा दंडाच्या या फिरण्याचा असतो, त्याखालोखाल मनगटाचा. आणि त्याच्याही मुळाशी जायचं तर डॉ. बेन किब्लर यांच्या हिशेबाने सर्व्हिसची निम्मी ताकद पाय आणि कंबर-पाठीतून येते. टीव्हीवर डोळ्यात भरतात टॉस, ताणलेला हात आणि हुंकार. जमिनीतून वर येणारी ताकद दिसत नाही.

इथे या आढाव्याचा माझा निष्कर्ष सांगून टाकतो, पुढचं वाचायला सोपं जाईल. जे सगळे व्यावसायिक खेळाडू सारखं करतात ते घ्यावं. जे एकेकट्याचं आहे ते त्याच्याकडेच राहू द्यावं. फोरहँड मारताना फेडरर आणि नदाल यांचा हात सरळ असायचा, जोकोविचचा कोपरात वाकलेला असतो. अँडी रॉडिकने सर्व्हिसचा अर्धा वळसा कापूनच टाकला होता. दानिल मेदवेदेवचा फोरहँड पाहून कुठल्याही शिबिरातला प्रशिक्षक कपाळाला हात लावेल. ही सगळी माणसं कधी ना कधी पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे या गोष्टींवर खेळ ठरत नाही. पण प्रतिस्पर्ध्याने चेंडू मारताना छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरणं, चेंडू येताना आधी खांदे वळवणं, चेंडूला शरीराच्या पुढे गाठणं, गाठताना डोकं स्थिर ठेवणं, सर्व्हिसची ती ग्रिप: यात एकमत आहे. आणि ही यादी बघा, यातली एकही गोष्ट शोभेची नाही. भित्तिपत्रकावर छापावी अशी एकही नाही.

यावर एक आक्षेप येतो. नदालची ती चाबकासारखी फिरणारी रॅकेट त्याला जोरकस, उंच उसळणारे चेंडू मारायला लागते, हे मान्य. पण आम्हालाही जिंकायचंच आहे ना? जिंकायचंय, पण कशाने, हे सायमन रॅमो या अमेरिकन अभियंत्याने फार पूर्वी मोजून ठेवलंय. क्षेपणास्त्रांच्या उद्योगात आयुष्य घालवलेल्या या माणसाने 1970 च्या सुमारास साधारण खेळाडूंसाठी टेनिसवर पुस्तक लिहिलं. त्याच्या मोजदादीत व्यावसायिक खेळात दहातले आठ गुण जिंकले जात होते, हौशी खेळात दहातले आठ गुण गमावले जात होते. आपण गुण मिळवत नाही, समोरचा घालवतो. आपल्याकडच्या सकाळच्या डबल्समध्ये वही घेऊन बसलात तर फार वेगळं चित्र दिसणार नाही. डबल फॉल्ट, जाळीत गेलेला रिटर्न, बाहेर गेलेला स्मॅश. अशा खेळात जोर वाढवणारा फटका शिकणं म्हणजे आपली चूक करण्याची क्षमता वाढवणं. हीच कल्पना पुढे चार्ल्स एलिस यांनी 1975 मध्ये शेअर बाजाराला लावून दाखवली आणि गुंतवणूकदारांत तो लेख अजून वाचला जातो. टेनिसवाल्यांनी मात्र रॅमोकडे पाठ फिरवली.

आता वैद्यकाच्या दाराने. टेनिस एल्बोचं पहिलं वर्णन 1873 मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने केलं, लिहिणाऱ्यांच्या हाताच्या दुखण्यावर लिहिताना. लॉन टेनिसचं पेटंट मेजर विंगफिल्डने घेतलं 1874 मध्ये. म्हणजे दुखणं खेळाच्या आधीचं. आजही अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवून इथे दुखतं म्हणणाऱ्यांत बहुतेकांनी रॅकेट कधी धरलेली नसते. धुणं पिळणाऱ्या बायका, गवंडी, सुतार, पाना फिरवणारे मेकॅनिक. मनगट मागे खेचणारा स्नायू जिथे कोपराच्या हाडाला चिकटतो तिथली कंडरा पुन्हा पुन्हा ताणली जाऊन झिजते. वय बहुधा पस्तीस ते पंचावन्न. म्हणजे नेमका आमच्या सकाळच्या कोर्टाचा वयोगट.

टेनिसमध्ये हे दुखणं व्यावसायिकांपेक्षा हौशी लोकांना जास्त का होतं, याचा एक सुरेख उलगडा 1994 मध्ये ब्लॅकवेल आणि कोल यांच्या प्रयोगातून झाला. एका हाताचा बॅकहँड मारताना तरबेज खेळाडू चेंडू गाठतो तेव्हा त्याचं मनगट मागे वळलेलं, घट्ट असतं. नवशिक्याचं मनगट पुढे लोंबलेलं असतं. चेंडूच्या धक्क्याने ते आणखी पुढे ढकललं जातं आणि आवळलेला स्नायू उलट्या दिशेने ताणला जातो. दर फटक्याला एक हिसका. लांबून दोघांचा फटका सारखाच दिसतो. फेडररचा बॅकहँड बघून जे एका हातावर आले, त्यांनी कमान उचलली, मनगटाची ती अवस्था उचलली नाही, कारण ती डोळ्याला दिसत नाही. फेडररच्या देखणेपणाने किती कोपरं खाल्ली याची मोजदाद कुणी करत नाही. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये धक्का वाटला जातो, हे दुखणं कमी होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये एटीपी क्रमवारीच्या इतिहासात पहिल्यांदा पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही. व्यावसायिकांनीच जे जवळपास सोडलं, ते हौशी माणसाने छातीशी धरून ठेवलंय.

मनगटाची गोष्ट निघाली म्हणून हेही: नदालसारखी टोकाची ग्रिप आणि चाबकासारखा झटका हा व्यावसायिकांच्या पोलादी शरीरांनाही झेपतोच असं नाही. हुआन मार्टिन देल पोत्रो आणि डॉमिनिक थीम, दोघांही ग्रँड स्लॅम विजेत्यांना मनगटाने घायाळ केलं. आपल्या सानिया मिर्झाचा फोरहँड हे तिचं मुख्य अस्त्र होतं. तिलाही उजव्या मनगटाच्या दुखापतीने बराच काळ बाहेर बसवलं. या सगळ्यांच्या दिमतीला फिजिओ असतात. आमच्याकडे असतो आयोडेक्स.

हा प्रश्न एकट्या टेनिसचाही नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट बघायला उभे राहा; डावा हात ताठ करून, अडखळत धावत येणारे दोन-तीन बुमराह दिसतीलच. जसप्रीत बुमराहला स्वतःला ती शैली पाठदुखीपासून वाचवू शकली नाही, 2023 मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. पण क्रिकेटवर इथे एवढंच, नाहीतर लेख त्याच्याच वाटेने जाईल.

शिकण्याच्या शास्त्राकडे वळलं की आणखी एक गाठ सुटते. 1920 च्या दशकात मॉस्कोच्या श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन याने लोहारकाम करणाऱ्या निष्णात कामगारांच्या हातोड्याची हालचाल चित्रित केली. हातोडा दर वेळी त्याच जागी पडत होता. पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग दर घावाला थोडा वेगळा होता. निष्णात माणूस एकच एक हालचाल परत परत करत नाही; तो एकच प्रश्न परत परत सोडवतो. नवशिक्या मात्र सांधे आवळून धरतो आणि एक आकार गिरवत बसतो. संथ गतीतला व्हिडिओ बघून फटका गिरवणं हे त्या आवळण्याला खतपाणी घालण्यासारखं आहे.

त्याला पर्यायही प्रयोगशाळेत सापडला आहे. 2001 मध्ये लियाओ आणि मास्टर्स यांनी टेबल टेनिसचा टॉपस्पिन शिकवताना एका गटाला तांत्रिक सूचनांची यादी दिली, दुसऱ्याला एवढंच सांगितलं, की बॅटने काटकोन त्रिकोण काढा आणि कर्णाच्या रेषेत चेंडू मारा. शिकले दोघंही. पण दडपण आल्यावर, डोकं दुसरीकडे गुंतवल्यावर यादीवाल्यांचा फटका ढासळला, त्रिकोणवाल्यांचा टिकला. चांगले मार्कर हे शास्त्र न वाचताच जाणतात. कोपर किती अंशात ठेवा असं ते सांगत नाहीत. त्यांचं वाक्य असतं, सर, जाळीच्या वर हातभर सोडा.

तरीही आरसा हवाच असेल, आणि खेळणाऱ्याला तो हवा असतोच, तर आरसा तरी आपल्या मापाचा निवडावा. आपण खेळतो डबल्स. बघतो सिंगल्स, तेही बेसलाइनवरून चाललेलं. हा मोठा घोळ आहे. वडिलांकडून मूळ गोव्याचा असलेला लिअँडर पेस पाठ्यपुस्तकाला धरून फटके मारणाऱ्यांतला कधीच नव्हता. बॅकहँड साधा, सर्व्हिस मध्यम. पण जाळीजवळचा हात, चेंडूचा अंदाज आणि पायांची चपळाई यांच्या बळावर 1996 मध्ये अटलांटाला कांस्य आणि पुढे डबल्स-मिश्रची मिळून 18 ग्रँड स्लॅम विजेतेपदं. पन्नाशीतल्या डबल्सवाल्याने नदालची एक चित्रफीत पाहण्यापेक्षा पेसच्या व्हॉलीच्या चार बघाव्यात. रॅकेट किती थोडी हलते ते बघावं. रोहन बोपण्णा 43 व्या वर्षी, जानेवारी 2024 मध्ये, डबल्समध्ये जगात पहिला झाला. गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली असताना. त्याचं श्रेय तो अय्यंगार योगाला देतो, ज्याचं घर पुण्यात आहे. त्याच्याकडून उचलावी तर ती वॉर्म-अपची शिस्त.

उंचीच्या मापाने दिएगो श्वार्ट्झमन आहे: 170 सेंटिमीटर आणि 2020 मध्ये जगात आठवा. आणि पुरुषांनी संकोच सोडावा. चेंडूचा वेग आणि तयारीला मिळणारा वेळ बघता हौशी पुरुषाला महिला खेळाडू जास्त जवळच्या. मूळ अहमदाबादची पण पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडलेली अंकिता रैना, 2018 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य. श्रीरामपुरात जन्मलेली ऋतुजा भोसले, 2023 मध्ये हांगचौला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. त्या लवकर वळतात, चेंडू पुढे गाठतात, उगाच उड्या मारत नाहीत. व्यायामशाळेत कसलेल्या शरीरांपेक्षा हा नमुना आपल्याला कितीतरी परवडणारा आहे.

आणि ज्यांच्या नकला करायच्या ती मंडळी काय करतात? आरिना साबालेंका 2022 च्या मोसमात चारशेहून जास्त डबल फॉल्ट करून बसली होती. तिने दुसऱ्या कुणाची सर्व्हिस उचलली नाही. शरीरगतीच्या तज्ज्ञाकडून स्वतःची हालचाल तपासून घेतली, सुधारली, आणि जानेवारी 2023 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

मुलांच्या बाबतीत मात्र मी अजिबात मवाळ नाही. आठ वर्षांच्या पोराच्या हातात मोठी रॅकेट आणि मोठ्यांचा कडक चेंडू दिला की चेंडू त्याच्या डोक्याच्या उंचीवर उसळतो. तो गाठायला हात आपोआप टोकाच्या ग्रिपकडे सरकतो, आणि पालक खूश, की पोरगं नदालसारखं धरतंय. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2007 मध्ये मंद चेंडूंची मोहीम सुरू केली: लाल, नारिंगी, हिरवे, अनुक्रमे 75, 50 आणि 25 टक्के मंद. 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांना मंद चेंडू नियमानेच बंधनकारक झाले. चेंडू बदला, फटका आपोआप सुधारेल, एवढी ही साधी गोष्ट. ज्या शिबिरात लहान मुलांना अजूनही पिवळाच चेंडू देतात तिथे मुलाला पाठवू नये, फी कितीही कमी असो.

एक गोष्ट मात्र खटकते. वर आलेले बहुतेक आकडे सिंथेटिक कोर्टांवरचे, ताज्या चेंडूंचे, गोऱ्या उंच शरीरांचे आहेत. मुरमाचं कोर्ट, महिन्याचा चेंडू, साडेपाच फूट उंची, पंचेचाळीस वय आणि एप्रिलचं ऊन या आमच्या अटी आहेत. विष्णुपुरीत हे मोजायला लागणारं सगळं आहे. अभियांत्रिकीच्या मुलांना प्रकल्पाला विषय हवे असतात. दोन फोन आणि थोडी संगणकीय मेहनत यांत सांध्यांचे कोन निघतात. वैद्यकीयच्या अस्थिरोग विभागाकडे दुखणारी कोपरं येतातच. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने नांदेड-लातूर या दोन्ही जिल्ह्यांतली चाळीस-पन्नास हौशी माणसं एका मोसमासाठी गोळा करावीत. फोरहँडची ग्रिप, तारांचा ताण, चेंडूचं वय आणि कोपराचं दुखणं, चार रकाने भरले तरी पुरे. खेळणाऱ्यांनी नावं नोंदवायला मागेपुढे पाहू नये. आणि तोवर, वकीलसाहेब, पॉलिएस्टर काढून साधी मऊ गटिंग करून घ्या.